कात्रीबाईंची कापलेली समीक्षा

आमच्या घरात रागवायचा मक्ता माझ्या नणंदेकडे आहे. ती एका मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन आहे, दोन गल्ल्या सोडून राहते आणि आमच्याकडे येते ती राउंडला आल्यासारखी. आधी औषधाचा डबा उघडते, मग फ्रिज, मग बाबांच्या मनगटावर बोटं ठेवते आणि त्यानंतर कसे आहात वगैरे विचारते. मी तिला तोंडावर वन्सं म्हणते आणि पाठीमागे मेट्रनबाई. तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, अगदी दुसऱ्या टोकाचा. घरात आवाज चढला की त्याला तेवढ्यात गच्चीवरची टाकी भरली का ते बघायला जायचं असतं.

बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांची सगळी नोकरी एका वस्तुसंग्रहालयाच्या तळघरात गेली. वर लोक काचेतून तलवारी बघत फिरायचे आणि खाली बाबा त्याच तलवारींचा गंज काढायचे, हललेल्या मुठी बसवायचे, ढालींचे पट्टे शिवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी हे सगळं लिहून काढलं. पुस्तकाचं नाव 'पात्यापासून मुठीपर्यंत'. फोटो माझ्या नवऱ्यानं काढले. टायपिंग मी केलं, कारण मी कोर्टात टायपिस्ट आहे आणि बाबांचं अक्षर वाचायची घरात दुसऱ्या कुणाची छाती नाही. वन्संनी काही केलं नाही, पण प्रकाशनाच्या दिवशी पहिल्या रांगेत बसून असं बघत होत्या, की पुस्तकाला कुणी नावं ठेवली तर त्याला तिथल्या तिथे इंजेक्शन देतील.

पुस्तकाचं कौतुक व्हायचं तसं झालं. नातेवाइकांनी 'वा, एवढं जाड!' म्हणून शोकेसमध्ये ठेवलं. जुन्या सहकाऱ्यांनी फोन केले. बाबा सगळ्यांना धन्यवाद म्हणायचे आणि फोन ठेवला की पुन्हा खिडकीशी जाऊन बसायचे. ते एकाच गोष्टीची वाट बघत होते. जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांचं एक त्रैमासिक निघतं. हजारभर लोक वाचत असतील, पण त्या जगात ते म्हणेल ती पूर्व दिशा. त्याच्या संपादकांना बाबांनी स्वतः सांगितलं होतं, "समीक्षेला पुस्तक कात्रीबाईंनाच द्या."

कात्रीबाई हे काही त्यांचं खरं नाव नाही. दुसऱ्या एका संग्रहालयात शस्त्रविभाग सांभाळणाऱ्या या बाईंनी गेल्या काही वर्षांत इतक्या नावाजलेल्या पुस्तकांची चिरफाड केली होती, की त्या धंद्यातले सगळे त्यांना याच नावानं ओळखायचे. बाबांची त्यांच्याशी ओळख जेमतेम. एका परिषदेत दोघं एकाच तलवारीवर वाकून बराच वेळ बोलत उभे होते म्हणे, बाकीचे जेवून आले तरी. "ती बाई उगाच कुणाला बरं म्हणत नाही," बाबा म्हणायचे. "ती म्हणाली बरं, तर समजायचं बरं आहे."

त्या त्रैमासिकाची एक जुनी पद्धत आहे. समीक्षा छापण्याआधी ते लेखकाला पाठवतात, म्हणजे लेखकाला काही म्हणायचं असेल तर ते त्याच अंकात समीक्षेखाली छापता येतं. बाबांना ईमेल नाही. त्यामुळे ती समीक्षा माझ्या ईमेलवर आली आणि मी ती कोर्टाच्या मधल्या सुट्टीत डबा खाता खाता उघडली.

सुरुवात फार छान होती. हयातभराचा अनुभव, साधी भाषा, असं सगळं. मग आला 'तथापि'. कोर्टात तथापि आला की कुणाचं तरी काहीतरी जाणार हे मला पक्कं माहीत आहे. पुढची चार पानं बाईंनी चुका दाखवल्या होत्या, पान क्रमांकांसकट. अमुक गदेचा काळ चुकलाय. तमुक कुऱ्हाड लढाईची नसून मिरवणुकीची आहे. एका तलवारीचा फोटो उलटा छापला गेलाय आणि लेखकानं तो बघून ती डावखुऱ्या योद्ध्याची ठरवलीय. आणि मुठीच्या प्रकरणाबद्दल तर एक अख्खा परिच्छेद. मी डबा मिटला. बाबांना वर्षापूर्वीच हृदयाचा झटका येऊन गेला होता.

संध्याकाळी आम्ही तिघं स्वयंपाकघरात दार लोटून उभे राहिलो. बाबा त्यांच्या खोलीत पडले होते. वन्संनी माझ्या फोनवर समीक्षा वाचली आणि त्यांच्या मानेवरची शीर टरारली.

"स्वतःला समजते कोण ही? बाबांनी तलवारी हातात घेतल्या तेव्हा ही शाळेत तरी जात होती का?"

"पण त्या डावखुऱ्याचं बरोबर आहे गं," माझा नवरा म्हणाला. "तो फोटो छापखान्यात उलटा पडला असणार. माझ्याकडे मूळ आहे, त्यात—"

"दादा, तू गप्प."

तो टाकी बघायला गेला.

"वन्सं, ते मुठीचं जे लिहिलंय," मी म्हटलं, "ते जरा महत्त्वाचं वाटतं."

"वहिनी, तुला मुठीतलं कळतं?"

"नाही."

"मग झालं तर. मला हृदयातलं कळतं. हे त्यांनी वाचलं तर काय होईल ते मी तुला सांगू शकते. तू निस्तरणार आहेस?"

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच वाटलं. ती चार पानं बाबांच्या हातात द्यायला मला जायचं नव्हतं. कुणीतरी ठामपणे नको म्हणत होतं, तेव्हा मी मान डोलावली.

वन्संनी संपादकांना फोन लावला. संपादकांच्या आईचं ऑपरेशन वन्संच्याच वॉर्डात झालं होतं आणि ते गृहस्थ मुळात मऊ. "म्हातारा माणूस आहे, हृदयाचा पेशंट आहे, चांगलं तेवढं छापा ना," एवढ्यावर काम झालं. दोन दिवसांनी कापून धाकटी केलेली समीक्षा माझ्या ईमेलवर मंजुरीसाठी आली. कौतुकाचे दोन परिच्छेद आणि शेवटचं एक वाक्य: 'घरात जुनी शस्त्रं असलेल्या वाचकांनी हे पुस्तक निःशंकपणे हाताशी ठेवावं.' मुळात ते वाक्य तिथे संपत नव्हतं. मुळात पुढे होतं, 'मात्र मुठीचं प्रकरण दुरुस्त होईपर्यंत त्यातलं काहीही करून पाहू नये.' हे मला दिसलं. मी टायपिस्ट आहे, वाक्य कुठे तोडलंय हे मला दिसणारच. मी उत्तरात 'मान्य आहे' असं लिहून पाठवून दिलं आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

अंक आला. बाबांनी चष्मा पुसला, खिडकीशी बसून वाचला, पान उलटून मागे काही आहे का ते पाहिलं. मागे एका लिलावाची जाहिरात होती.

"एवढंच?" ते म्हणाले.

"छान लिहिलंय की!" वन्सं म्हणाल्या. त्या मुद्दाम सुट्टी काढून आल्या होत्या.

"खाली नाव नाही तिचं."

नाव नव्हतं, कारण कापलेला मजकूर पाहून कात्रीबाईंनी स्वतःचं नाव काढायला लावलं होतं. संपादकांनी तसं आम्हाला कळवलंही होतं.

"राहून गेलं असेल," माझा नवरा म्हणाला.

बाबांनी अंक मिटला. "वाचलं नाही तिनं," ते म्हणाले. "चाळलंय नुसतं. ही असली वाक्यं कुठल्याही पुस्तकाला चालतात." आम्हाला वाटलं होतं, ते खूश होतील. वन्सं तर मिठाईचा बॉक्स घेऊन आल्या होत्या. तो आम्ही तिघांनीच खाल्ला.

नंतर एकदा संग्रहालयातल्या जुन्या मंडळींचं भेटणं होतं, तिथे बाबांना घेऊन मी गेले होते. कुणीतरी समीक्षेबद्दल अभिनंदन केलं. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "छे हो, कात्रीबाईंची धार गेली आता. पुस्तक न वाचता लिहायला लागल्या." सगळे हसले. एकानं तर टाळी दिली. त्या घोळक्यातले निम्मे लोक कात्रीबाईंना भेटणारे, बोलणारे. ती गोष्ट त्यांच्या कानावर जाणार हे उघड होतं. मी हातातला चहाचा कप बघत उभी राहिले. तोंड उघडायची ती वेळ होती आणि मी बिस्किट उचललं.

इकडे वन्संनी आणखी एक उद्योग केला होता. समीक्षेच्या झेरॉक्स काढून त्यांनी गावातल्या ग्रंथालयात दिल्या आणि तिथल्या बाईंकडून एक पुस्तकाच्या पहिल्या पानावर चिकटवून घेतली. प्रेमानं केलं, हे खरं आहे. आमच्या घरात सगळं प्रेमानंच झालं.

मग एका दुपारी दाराची बेल वाजली. दारात एक शिवणकाम करणाऱ्या बाई उभ्या होत्या. दुकानातून तशाच आल्या असाव्यात, खांद्याजवळ कपड्याला टाचण्या टोचलेल्या होत्या. एका हातात ग्रंथालयातलं आमचं पुस्तक आणि दुसऱ्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी, तान्ह्या मुलाला धरावं तसं धरलेलं.

"लेखक इथेच राहतात ना?" त्यांनी विचारलं. "त्यांचा फार वेळ नाही घेणार. माझं कुठे चुकलं तेवढं विचारायचंय."

बाबा बाहेर आले. लेखक म्हणून कुणीतरी शोधत आलंय म्हटल्यावर त्यांनी घाईनं शर्टाची वरची गुंडी लावली. बाईंनी टेबलावर टॉवेल उलगडला. आत एक खंजीर होता. पातं साधंच, पण मूठ हस्तिदंती, जुनी, पिवळट, हातांनी गुळगुळीत झालेली. ती मूठ वरपासून खालपर्यंत उभी तडकली होती आणि तिचा एक तुकडा वेगळा निघून टॉवेलच्या घडीत पडला होता.

"माझ्या वडिलांचा आहे," बाई म्हणाल्या. "त्यांच्यामागे एवढंच राहिलंय माझ्याकडे. मूठ हलायला लागली होती. म्हटलं, पातं निसटून हरवायला नको. तुमच्या पुस्तकात सगळं दिलंय, मुठीच्या पोकळीत राळ असते, वाफ दिली की ती मऊ होते, मग पातं काढायचं, नवी राळ भरायची. मी तसंच केलं. किटलीवर धरली. पण मला वाटतं वाफ जास्त झाली. तुम्ही लिहिलंय 'राळ मऊ होईपर्यंत', आता माझ्यासारखीला ते कसं समजणार? टिचकन आवाज आला. माझंच काहीतरी चुकलं, पण काय चुकलं ते कळलं तर बरं, म्हणजे पुन्हा—" त्या तिथेच थांबल्या. पुन्हा करायला दुसरा खंजीर त्यांच्याकडे नव्हता.

बाबांनी पुस्तक मागितलं. बाईंनी त्या पानात दोऱ्याचा तुकडा घालून ठेवला होता. बाबा आपलंच पान वाचत होते, ओठ हलवत, नवीन वाचायला शिकलेल्या मुलासारखे. त्यांचा चेहरा मी पाहत होते. तो हळूहळू उतरला.

"मी 'कुठलीही मूठ' असं लिहिलंय," ते म्हणाले.

"हो ना."

"लोखंडी मूठ म्हणायचं होतं मला. पितळी म्हणा. दंताची, हाडाची मूठ वाफेवर धरायचीच नसते. ती तडकते." त्यांनी तो तुकडा बोटांत घेतला. "मी जन्मात कधी धरली नाही. त्यामुळे धरू नका असं लिहायचं मला सुचलंच नाही. बाई, तुमचं काही चुकलेलं नाही. माझं चुकलंय."

बाईंना ते पटेना. "छे छे, असं कसं? तुम्ही एवढे जाणकार. आणि मासिकात पण आलंय ना तुमच्या पुस्तकाबद्दल, हे काय, पहिल्याच पानावर चिकटवलंय. घरी जुनी शस्त्रं असलेल्यांनी निःशंकपणे हाताशी ठेवावं. ते वाचलं म्हणून तर मला धीर आला. नाहीतर वडिलांच्या वस्तूला मी कशाला हात लावते?"

मी तिथे पाण्याचा पेला घेऊन उभी होते. तो कुठे ठेवावा ते मला कळेना.

बाबांनी त्यांना सांगितलं, मूठ जोडून देतो, पण भेग दिसत राहील. बाईंनी मान हलवली. खंजीर टॉवेलसकट ठेवून त्या निघाल्या आणि दारातून वळून म्हणाल्या, "तुम्हाला उगाच त्रास दिला." बाबांनी हात जोडले. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बाबांना मी कुणासमोर असं वाकलेलं पाहिलं नव्हतं.

दार लागलं. बाबा खुर्चीत बसून राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, तुझा लॅपटॉप आण. कात्रीबाईंना पत्र लिहायचंय."

मी आणला. ते सांगू लागले आणि मी टाइप करू लागले. कोर्टात आमचं हेच काम आहे. समोरचा बोलतो, बोटं चालतात, मनात डाळ भिजत घातली का ते चाललेलं असतं. शब्द आत शिरत नाहीत, बोटांतून परस्पर निघून जातात. बाबांचं पुस्तकही मी असंच टाइप केलं होतं.

"'चूक माझी आहे, ती मी नाकारत नाही,'" बाबा सांगत होते. "'परंतु माझं पुस्तक मी मुद्दाम आपल्याकडे पाठवलं होतं. माझ्या नजरेतून सुटलेलं आपल्या नजरेतून सुटणार नाही, असा माझा विश्वास होता. आपण ते न वाचताच निःशंकपणे वापरा असं लिहिलंत. आज एका बाईच्या वडिलांची आठवण मोडली, त्यात निम्मा वाटा आपला आहे. आपल्याला याची लाज—'"

माझी बोटं थांबली.

"झालं लिहून?" बाबांनी विचारलं.

"बाबा, त्यांनी वाचलं होतं."

"कुणी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे सांगायचं ते मी एका दमात सांगितलं. ईमेल, स्वयंपाकघर, वन्संचा फोन, तोडलेलं वाक्य, माझं 'मान्य आहे'. सगळ्यांची पापं आधी सांगितली आणि माझं सगळ्यात शेवटी. बाबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मी संपवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दाखव."

मी मूळ समीक्षा उघडली, अक्षरं मोठी केली आणि लॅपटॉप त्यांच्यासमोर सरकवला. मग नवऱ्याला फोन केला. त्यानं बहिणीला केला. थोड्याच वेळात दोघं आले, वन्सं ड्यूटीच्या कपड्यांतच, हातात रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन. बाबांनी वर पाहिलं नाही. ते वाचत होते. हातात पेन्सिल होती आणि शेजारच्या कागदावर ते खुणा करत होते.

"बरोबर," ते पुटपुटले. "हेही बरोबर. हे नाही. गदेच्या बाबतीत बाईंचं चुकतंय, मी दाखवतो त्यांना." आणि मग एकदम हसायला लागले. "अरे, फोटो उलटा पडला होय! आणि त्या फोटोवरून मी एक अख्खा डावखुरा योद्धा जन्माला घातला!" ते इतके हसले की त्यांना खोकला आला. वन्सं मनगट धरायला पुढे झाल्या. बाबांनी हात मागे घेतला.

कित्येक महिन्यांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. इतके फोन आले, इतकी कौतुकं झाली, तेव्हा हे तोंड सुतकी होतं, आणि आता चुकांची यादी वाचताना त्यावर रंग चढला होता. मला ते बघवत नव्हतं. हे आम्ही त्यांच्यापासून काढून घेतलं होतं.

मग मुठीचा परिच्छेद आला. तो त्यांनी मोठ्यानं वाचला.

"'दंताची किंवा हाडाची मूठ लेखक स्वतः कधीही वाफेवर धरणार नाही. परंतु हे लेखकाच्या हातांना माहीत आहे. पुस्तकात ते कुठेही लिहिलेलं नाही. वाचक ती धरेल आणि ती तडकेल.'"

बाबांनी टेबलावरच्या टॉवेलकडे पाहिलं. "धरली," ते म्हणाले. "तडकली."

"बाबा, तुमची तब्येत—" वन्संनी सुरुवात केली. त्यांचा नेहमीचा आवाज निघालाच नाही.

"मला वाईट वाटलं असतं," बाबा म्हणाले. "दोन दिवस जेवलो नसतो. तुझ्यावर चिडचिड केली असती. मग प्रकाशकाला फोन करून त्या पानावर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवायला लावली असती. एवढंच झालं असतं गं, बाळा. त्या बाईंचा खंजीर आज धड असता."

त्यांनी लॅपटॉप थोडा बाजूला सारला.

"एक विचारू?" बाबा म्हणाले. "रागावून नाही विचारत. माझं पुस्तक तुमच्यापैकी कुणी वाचलंय का?"

माझ्या नवऱ्यानं फोटो पाहिले होते. माझ्या बोटांखालून ओळ न् ओळ गेली होती आणि त्यातलं एक वाक्य मला सांगता आलं नसतं. आम्ही दोघांनी वन्संकडे पाहिलं. त्या पुस्तकासाठी त्यांनी संपादकांना गळ घातली होती, ग्रंथालयाचे उंबरे झिजवले होते.

"अर्पणपत्रिका वाचली," वन्सं म्हणाल्या. "मग ड्यूट्या होत्या." आणि ती आमची मेट्रनबाई, जिच्यापुढे मोठमोठे डॉक्टर आवाज खाली घेतात, भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. मला तिची दया आली. त्याहून जास्त माझी लाज वाटली, कारण मी तिच्यावर सगळं ढकलून मोकळी होणार होते.

"जिनं शेवटच्या पानापर्यंत वाचलं," बाबा म्हणाले, "तिला मी चारचौघांत धार गेलेली म्हणालो." त्यांनी माझ्याकडे हात केला. "फोन लावून दे."

"मी बोलते बाबा," वन्सं डोळे पुसत म्हणाल्या. "मी माफी मागते त्यांची."

"तू बस. स्पीकर चालू ठेव, सूनबाई."

पलीकडचा आवाज कोरडा होता. बाबांनी आपण कोण ते सांगितलं.

"ओळखलं," कात्रीबाई म्हणाल्या. "बोला."

"तुमची समीक्षा आज वाचली. पूर्ण."

"आज? मला तर संपादक म्हणाले की तुमच्याकडूनच कापायला सांगितलं."

बाबांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं. तिघांकडे, एकेक करून. एवढे महिने ती बाई त्यांना काय समजत असेल, ते आम्हाला तेव्हा कळलं. ज्या एका माणसाच्या मताची त्यांना पर्वा होती, त्याच माणसाच्या नजरेतून आम्ही त्यांना उतरवलं होतं. एका वाक्यात त्यांची सुटका होती. मला काहीच माहीत नव्हतं, मुलांनी केलं, एवढं म्हटलं असतं तरी ते खरंच होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा बाबा, सांगून टाका.

"हो," बाबा म्हणाले. "आमच्याच घरातून फोन गेला होता. घर माझं आहे. तेव्हा मीच."

मग त्यांनी खंजिराबद्दल सांगितलं. मंडळींसमोर आपण काय बोललो तेही सांगितलं, शब्दन् शब्द.

"मुठीचे तुकडे सगळे आहेत ना?" कात्रीबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज आता थोडा निवळला होता. "घाईत चिकटवू नका. आधी मला फोटो पाठवा. आणि ऐका, मला जागा कमी होती. मी निम्म्याच चुका दिल्या होत्या."

"बाकीच्या सांगा," बाबा म्हणाले.

"आत्ता?"

"आत्ताच. लिहून घेतो." आणि त्यांनी पेन्सिल वन्संसमोर धरली. "तू लिही, बाळा. सूनबाई, पुस्तक घे. बाई सांगतील त्या पानावर मी काय लिहिलंय ते वाच. मोठ्यानं."

वन्संनी कागद पुढे ओढला. कात्रीबाईंनी पहिलं पान सांगितलं. मी ते काढलं आणि वाचायला लागले.